फुलाच्या शेताला कृषी पर्यटन जोडायचंय? मग आधी तोडणीचं गणित बघा

तुमच्याकडं दोन-चार एकर फुलं आहेत, पुण्यापासून तास-दीड तासावर आहात, आणि रस्त्यानं जाणारी लोकं गाडी थांबवून फुकटात फोटो काढून जातात, वर बांधावर वेफर्सची पाकिटं टाकून जातात, तर ह्यातनं आपल्याला दोन पैसे का सुटू नयेत हा विचार तुमच्या डोक्यात येऊन गेलाच असणार. आमच्याही आला. आमचं शेत दिवे घाट चढून सासवडच्या पुढं, भुलेश्वरच्या बाजूला, अडीच एकर, झेंडू शेवंती अॅस्टर आणि थोडी गुलछडी, माल सगळा पुण्याच्या गुलटेकडीला, मार्केट यार्डात. तीन सीझन झाले आता लोकं बोलवतोय. जे कळलं ते लिहितीये, क्रम थोडा मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.

पहिल्या रविवारी काय झालं ते आधी सांगते कारण सगळी गोम तिथंच आहे. आठ फॅमिली बुक झाल्या होत्या, साडेदहाला गाड्या आल्या. आता आमच्याकडं तोडणी पहाटे साडेपाचला सुरू होते, बायका नऊपर्यंत प्लॉट मोकळा करतात, क्रेट भरून टेम्पो गेलेला असतो. म्हणजे लोकं आली तेव्हा शेतात हिरवा पाला आणि उद्याच्या कळ्या, बस. एक चार-पाच वर्षांची पोरगी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना विचारते, आजोबा फुलं कुठायत? अण्णा म्हणाले, गुलटेकडीला. सगळे हसले पण मला तिथं जमिनीत जावंसं वाटलं कारण प्रत्येकी दीडशे रुपये घेतले होते मी.

तर मुद्दा हा, की बाजाराला चाललेलं चांगलं फुलशेत साडेदहा वाजता बघण्यासारखं नसतंच. बघायचं फूल आणि विकायचं फूल ही दोन वेगळी पिकं आहेत असं धरूनच चाला. आम्ही दुसऱ्या वर्षी दहा गुंठे वेगळे काढले, त्याला घरात बघायचा प्लॉट म्हणतात. त्यातलं फूल बाजाराला जात नाही, झाडावरच राहतं. अण्णांना हे पटायला एक दसरा गेला, कारण उमललेलं फूल झाडावर ठेवायचं म्हणजे त्यांच्या हाताला खाजच सुटते. पण त्यांना दाखवलं, की दसऱ्यानंतर झेंडूचा भाव पडतो तेव्हा तोडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडंसुद्धा निघत नाही, क्रेटच्या क्रेट रस्त्याला ओतून येतात माणसं, आणि नेमकं त्याच दिवसांत दिवाळीच्या सुट्टीला आलेली माणसं फूल बघायला पैसे देतायत.

बघायच्या प्लॉटमध्ये काम कमी असतं असं समजू नका. सुकलेलं फूल दर दोन-तीन दिवसांनी खुडायलाच लागतं, नाहीतर झेंडू बी धरायला लागतो आणि नवीन कळी कमी येते, शिवाय फोटोत ती तपकिरी बोंडं घाण दिसतात. सरीमधनं माणूस, कडेवर पोर आणि कॅमेऱ्याची बॅग एवढं जाईल असा चार फुटी रस्ता ठेवा, आणि जिथं जिथं रस्ता ठिबकच्या नळ्यांवरून जातो तिथं नळी पाइपात घालून मातीखाली गाडा, आमच्या पहिल्या वर्षी हिल्सच्या टाचांनी नळ्यांना किती भोकं पडली त्याचा हिशोब नाही.

आता लावण कशी करायची. झेंडूचं रोप ट्रेमध्ये तीन-साडेतीन आठवड्यांत लावायला येतं आणि लावल्यावर साधारण ५५-६० दिवसांत फूल चालू होतं, म्हणजे लोकं कधी हवीत ती तारीख धरून मागं मोजत यायचं. बाजारासाठी आपण सगळा प्लॉट एका दमात लावतो, दसरा-दिवाळी धरायची असते म्हणून. लोकांसाठी तसं करू नका, दहा गुंठ्याचे तीन तुकडे करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावा म्हणजे एक म्हातारं व्हायला लागलं की दुसरं भरात येतं. सूर्यफुलालाही हेच, एका फुलाचा खरा देखणा काळ आठ-दहा दिवस असतो, त्यामुळं दर दहा-बारा दिवसांनी चार ओळी टोकत राहायच्या.

शेवंती मात्र ऐकत नाही. ती दिवस लहान व्हायला लागले की मगच कळी धरते, त्यामुळं लावण पंधरा दिवस पुढंमागं केली तरी फूल जवळजवळ एकाच टायमाला येतं. तिचा सीझन लांबवायचा तर लवकर येणारी आणि उशिरा येणारी अशा दोन-तीन जाती मिसळायच्या. आणि शेंडे खुडायला विसरायचं नाही, लावणीनंतर महिन्याभरानं शेंडा खुडला की फुटवे येतात आणि झुडूप गोल भरतं. अॅस्टरमध्ये आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडच्या कृषी संशोधन केंद्राच्या फुले गणेश व्हाईट, पिंक, व्हायलेट, पर्पल ह्या जाती आहेत, चार ओळी चार रंगाच्या लावल्या की वेगळं काही सजवायला लागत नाही.

सूर्यफुलाची एक गंमत सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती. कळी असताना ते सूर्यामागं फिरतं पण पूर्ण उमललेलं फूल पूर्वेकडं तोंड करून थांबतं ते थांबतंच. आम्ही पहिल्यांदा रस्ता आणि सेल्फीचा बाक सगळं पश्चिमेला केलं, रस्त्याकडून सोयीचं म्हणून, आणि फोटोत नुसत्या फुलांच्या पाठी. बाक उचलून पूर्वेच्या बांधावर नेला. सकाळी अकराच्या आत ऊन फुलांच्या तोंडावर असतं, फोटो तेव्हाच घ्यायला सांगा.

वर्षाचं कॅलेंडर

सगळं वर्ष दुकान उघडं ठेवायचा हट्ट करू नका. जून-जुलैत आमच्याकडची काळी माती गाडीची चाकं गिळते, आम्ही बंदच ठेवतो. श्रावण ते गणपती अॅस्टर आणि थोडा झेंडू, पण तेव्हा घरात सणवार, बाजारालाही मागणी, त्यामुळं फक्त रविवार. दसऱ्याच्या आधीचे चार दिवस कुणालाही येऊ द्यायचं नाही, अगदी नात्यातल्यांनाही, तेव्हा रात्री बॅटऱ्या लावून तोडणी चालते आणि पाव्हण्यांना चहा द्यायला माणूस नसतं.

खरा धंदा दिवाळी ते फेब्रुवारी. शेवंती भरात असते, हवा गार, आणि हुरड्याचा सीझन जोडीला येतो. पुण्याचा माणूस फुलासाठी एकदा विचार करेल, हुरड्यासाठी करत नाही. पाच-सहा गुंठे हुरड्याची ज्वारी लावा, गूळभेंडी किंवा सुरती, राहुरी विद्यापीठाची फुले मधुर पण आहे, आगटी पेटवा, गोवऱ्यांत कणसं भाजा, हातावर चोळून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ही पाच-सहा गुंठे ज्वारी आमच्या अख्ख्या फुलांपेक्षा जास्त माणसं आणते हे कबूल करते, अण्णांना सांगू नका.

मार्च ते मे दिवसा कुणी येत नाही आणि येऊही नये. तेव्हा संध्याकाळ विका. मोगऱ्याला पाण्याचा ताण देऊन डिसेंबर-जानेवारीत छाटणी केली की उन्हाळ्यात कळी लागते, आणि गुलछडीचा वास तर दिवस मावळल्यावरच सुटतो. साडेपाचला बोलवा, आठला सोडा. आमच्या भागात तेव्हा अंजिराचा मिठा बहार पण चालू असतो, शेजारच्यांचे अंजीर गेटवर विकायला ठेवतो.

ह्या संध्याकाळच्या वेळेत आमच्याकडं सगळ्यात जास्त काय चालतं तर आत्याबाईंचा गजरा. माझ्या सासूबाई, वय सत्तरच्या पुढं. ओट्यावर बसतात, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात, दोन कळ्या एकीकडं तोंड करून, दोन दुसरीकडं, देठावर देठ, दोऱ्याचा एक फास, ओढ, परत दोन कळ्या. बघताना वाटतं काही नाहीच ह्यात. समोर आयटीतली बाई बसली होती, तिनं पंचवीस मिनिटांत चार बोटं गजरा केला, तोही उचलल्यावर सुटला, आणि आत्याबाई बोलता बोलता दीड हात करून बसल्या. त्या बाईनं जाताना गजऱ्याचे पैसे दिले वर शिकवणीचे पण दिले. मी आधी हे तिकिटात फुकट ठेवलं होतं. ठेवू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात सगळ्यात महाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावा आणि ते त्यांच्याच हातात द्या.

स्वतः तोडा आणि घेऊन जा

हे लोकांना फार आवडतं पण मोकळं सोडलं तर प्लॉटची वाट लागते. आम्ही आत जातानाच कात्री आणि एक कागदी पिशवी देतो, पिशवीचा रेट ठरलेला, बसेल तेवढं घ्या. वजनावर केलं होतं आधी, मग काट्यावरनं वाद. तोडायचं कसं हे आधी दोन मिनिटं दाखवा, नाहीतर झेंडू ओढून घेतात आणि अख्खी फांदी हातात येते. गुलछडीची दांडी खालची एक-दोन जोडी उमलली की कापायची, वरच्या कळ्या घरी पाण्यात उमलत जातात, हे सांगितलं की गिऱ्हाईक चार दिवसांनी फोटो पाठवतं आणि पुढच्या वेळी चुलत बहिणीला घेऊन येतं.

गुलकंद विकायचा मोह होतो बऱ्याच जणांना. तो गावठी वासाच्या गुलाबाचा आणि फवारणी नसलेल्या फुलाचाच करायचा. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कात जो लांब दांड्याचा पॉलिहाऊसचा गुलाब होतो, १४ फेब्रुवारीच्या आधी परदेशी जातो, तो फुलदाणीचा, खायचा नाही.

फवारणी

ह्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. शेवंतीला मावा, फुलकिडे, लाल कोळी येणारच, आणि बाजाराच्या प्लॉटवर आपण मारतोच. पण लहान पोरं फूल तोंडात घालतात, आया गाल फुलाला लावून फोटो काढतात. बघायच्या प्लॉटवर आम्ही निंबोळी अर्काच्या पुढं जात नाही, पिवळे चिकट सापळे माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी, आणि ते निळे कागद काय आहेत हे सांगण्यात दहा मिनिटं मस्त जातात. बाजाराच्या प्लॉटवर जे काही मारायचं ते सोमवारी-मंगळवारी, फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघून, आणि त्या बाजूला दोरी बांधून पाटी, आत जाऊ नये. वाऱ्याची दिशा बघून दोन प्लॉटच्या मधे मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन-तीन ओळी लावून घ्या.

मधमाश्या असतातच, असाव्याच. पेट्या ठेवायच्या असतील तर लोकांच्या वाटेपासून लांबच्या कोपऱ्यात, आणि आधी शिकून. शिकायला आपल्या पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची.

कागदपत्रं

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. किमान एक एकर जमीन लागते. नोंदणीची फी २,५०० रुपये, दर पाच वर्षांनी नूतनीकरण १,००० रुपये. सातबारा, आधार, पॅन, लाइट बिल, फी भरल्याचं चलन, आणि जेवण देणार असाल तर अन्न परवाना. शाळांच्या सहली घ्यायच्या तर पाच एकर लागतात, आमचं अडीच म्हणून आम्ही सहल घेतच नाही, भले एका बसमध्ये पन्नास तिकिटं सुटत असली तरी. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्यांच्याशी आधी बोला, संमती लेखी घ्या, धंदा चालायला लागला की सगळ्यांना आपला हिस्सा आठवतो. आमचा अर्ज एका ऑफिसात दोन महिने पडून होता, का तर सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव ह्यात एका अक्षराचा फरक. घरी बसून आधी सगळी नावं जुळवून बघा.

आधी स्वतः दोन-चार केंद्रं गिऱ्हाईक म्हणून बघून या. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ साली सुरू झालेलं केंद्र आहे, ह्या धंद्यातलं आपल्याकडचं जुनं नाव. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघा, फुलांसाठी नाही, लोकं कशापुढं थांबतात ते बघण्यासाठी.

संडास, रस्ता, शेजारी

फुलांवर खर्च करायच्या आधी संडास बांधा. खरंच सांगते. बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी एक, कडी नीट लागणारी, पाणी, आरसा, कचऱ्याचा डबा झाकणाचा. कुटुंब कुठं जायचं हे बाई ठरवते आणि बाई आधी हेच विचारते. सावलीला शेडनेटचा मांडव. विहीर आणि शेततळ्याला कुंपण, ह्यात चालढकल नाही. फर्स्ट एडची पेटी, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधी जाऊन विचारून घ्या, नंबर भिंतीवर लिहा.

आमच्या शेताला जायची वाट भाऊबंदांच्या बांधावरून आहे. पहिल्या महिन्यातच कुणीतरी गाडी त्यांच्या कांद्यात घातली आणि मग चार दिवस घरात शांतता नव्हती. आता पार्किंगच त्यांच्या पडीक तुकड्यात आहे, गाडीमागं पैसे तेच घेतात, त्यांची सून गेटवर ताक आणि पेरू विकते. वाटेचं भांडण मिटलं, उलट कुणी आलं नाही तर तेच विचारतात, आज का शुकशुकाट.

मॅपवर पिन टाकताना शेताची टाकू नका, डांबरी रस्त्यावरून आत वळायच्या कोपऱ्याची टाका. नाहीतर मॅप लोकांना ओढ्यातनं आणतो.

आणि तोडणीच्या बायका. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत हे आम्ही बुकिंग करतानाच सांगतो. एकदा एका पाहुण्यानं आमच्या कामाला येणाऱ्या मावशींना डोक्यावर पाटी घेऊन तीनदा चालायला लावलं, त्यांना उशीर, मजुरी आम्ही देतोय, आणि व्हिडिओ त्याचा.

प्री-वेडिंगवाले

पैसे चांगले मिळतात पण माणशी तिकीट लावू नका, शूटचा तासावर रेट लावा आणि डिपॉझिट घ्या. धुराचे रंगीत बॉम्ब, घोडा, जमिनीत खिळे ठोकून उभी केलेली चौकट, हे सगळं नाही म्हणून लेखी. आमच्याकडं एक टीम आली, चांगली बोलणारी मुलं होती, नवरीला झेंडूत झोपवून वरनं ड्रोन शॉट घेतला. शॉट खूप सुंदर आला. पण शंभर-सव्वाशे झाडं गेली, दुसऱ्या दिवशी अण्णा तिथं उभे राहून एकेक झाड हातानं सरळ करून माती लावत होते आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. झोपायचं असेल तर आता एका कोपऱ्यात आम्ही गवत ठेवलंय आणि कडेनं कुंड्या रचतो, वरनं काही कळत नाही.

फोटोचे पैसे मागायला लाजू नका एवढंच. कर्नाटकात गुंडलुपेटला केरळकडं जाणाऱ्या रस्त्यालगत सूर्यफुलाचे शेतकरी रस्त्यावर खुर्ची टाकून बसतात आणि फोटोचे पैसे सरळ मागून घेतात. एक पाटी, एक क्यूआर कोड.

पैशाचं

एका दिवसाला किती माणसं हे ठरवा आणि मोडू नका. कास पठारावरसुद्धा माणसं मोजूनच सोडतात, आपली दहा गुंठे आहेत. आमचा आकडा चाळीस, सकाळी वीस संध्याकाळी वीस. बुकिंग व्हॉट्सअॅपवर, अर्धे पैसे आधी, गुरुवार संध्याकाळपर्यंत जेवणाची माणसं सांगायची म्हणजे शुक्रवारी बाजार करता येतो. जेवण एकच ठेवा, पिठलं भाकरी ठेचा, वरण भात, एक गोड. मेनू वाढवला की चुलीपुढं बसणाऱ्या बाईचे हाल होतात आणि ती बाई बहुतेक तुम्हीच असता.

वही दोन ठेवा, एक बाजाराची एक पाहुण्यांची. एकत्र हिशोब ठेवला तर कुठलं पीक कुठल्याला पोसतंय ते कळत नाही. आणि गुलटेकडीचा गाळा सोडू नका, पाऊस लांबला, कसली साथ आली, घाटात रस्ता बंद झाला की पाहुणे शून्य होतात, तेव्हा आडत्याचीच पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, घर चालवते.

मुक्कामाच्या खोल्या बांधू का, हे सगळेच विचारतात. पहिली दोन वर्षं नको. कर्ज काढून चार खोल्या बांधल्या की मग त्या भरायच्या म्हणून वाट्टेल ते ग्रुप घ्यायला लागतात, रात्री स्पीकर, बाटल्या, आणि पहाटे साडेपाचला तोडणीला उठायचंय आपल्याला. आम्ही ह्या वर्षी फक्त दोन तंबू लावतोय, ते पण डिसेंबर-जानेवारी. तंबू कुठं लावायचे ह्यावर सध्या घरात वाद चालू आहे. मी म्हणते गुलछडीच्या कडेला, अण्णा म्हणतात तिथं साप येतो. बहुतेक अण्णांचंच ऐकावं लागणार.